तळ्यावरची चौथी

२० नोव्हेंबर १९७२, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपून आज शाळा उघडली. पटावर सेहेचाळीस, हजर अकरा. त्यातली सात पहिलीची. चौथीत एकही नाही.

आबासाहेब गुरुजी ऑक्टोबरअखेर निवृत्त झाले, तेव्हापासून बोरखडीच्या या दोन खोल्यांत मी एकटी. चारही वर्ग माझ्याकडे आणि मुख्याध्यापकाचा चार्जही माझ्याकडे. गुरुजी इथे बावीस वर्षं होते. त्यांनी नुसतं अंगणात येऊन खाकरलं तरी पोरं रांगेत उभी राहायची. मला देवळाली प्रवऱ्याहून इथे येऊन दोन वर्षंही झालेली नाहीत, आणि गावाला अजून मी पाहुणीच वाटते.

दुपारी शाळा सोडून गावात फिरले. निम्म्या घरांना कड्या. पिकं गेली तसं सगळं गाव दोन मैलांवर पाझर तलावाच्या कामाला जातं. पोरंसोरं बरोबर नेतात, घरी ठेवून त्यांना खायला कोण घालणार? चौथीतली चांगुणा आठवली. दिवाळीआधी तोंडी गणितात ती माझ्या आधी उत्तर सांगायची. तिच्या आईला, बनुबाईला, मी सुट्टीआधी भेटले होते. तिने सरळ सांगितलं होतं की धाकटा सहादू वर्षाचा आहे, त्याला सांभाळायला चांगुणाच लागते.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

शेवगावला मीटिंग होती. संपल्यावर शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी मला थांबवून घेतलं. साहेब वाईट माणूस नाही, पण बोलताना समोरच्याकडे बघत नाही, कागदाकडे बघतो. म्हणाले, जानेवारीअखेरपर्यंत सरासरी हजेरी चाळीसच्या वर आली नाही तर गुरुजींची रिकामी जागा भरणार नाहीत, आणि जूनपासून चौथीचा वर्ग बंद. मग चौथीला नदीपलीकडच्या गावी, चार मैल.

मी म्हटलं, मुली जाणार नाहीत एवढ्या लांब.

साहेब म्हणाले, "आत्ता कुठं येताहेत, भागिरथीबाई?"

 परतताना एसटीत सगळा रस्ताभर उत्तरं सुचत राहिली.

२६ नोव्हेंबर, रविवार

आज तळ्याच्या कामावर जाऊन आले. काम रविवारीही चालू असतं, सुट्टी बाजारच्या दिवशी. तीन-चारशे माणसं असतील. पुरुष खोदतात, बाया डोक्यावर मातीच्या पाट्या घेऊन बांधावर चढतात. आणि पोरं सगळीकडे. खड्ड्यांच्या कडेला, बांधाच्या उतारावर, धुळीत. मी मोजायला लागले आणि सत्तरावर सोडून दिलं. आजूबाजूच्या वस्त्यांवरचीही होती, ज्यांचं नाव कुठल्याच पटावर नसेल.

चांगुणा एका बाभळीला बांधलेली झोळी हलवत बसली होती. मला बघून उठली नाही, फक्त म्हणाली, "बाई, आता सतराचा पाढा विसरायला लागलाय."

परत येताना सारखं तेच कानात.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

काय केलं ते लिहून ठेवते, पुढे कोणी विचारलं तर.

सकाळी शाळा उघडली, प्रार्थना घेतली, अकरा मुलांना रांगेत घेतलं आणि गुंडाळफळा काखेत मारून तळ्यावर चालत गेले. कुणाची परवानगी घेतली नाही. मागितली असती तर उत्तर येईपर्यंत जानेवारी संपला असता.

मुकादम रंभाजी आडवा आला. आडदांड माणूस, आवाज त्याहून मोठा. इथं सरकारी काम चालू हाय, म्हणाला, पोरांचा मेळा भरवू नका, कुणी खड्ड्यात पडलं तर कोन जबाबदार? मी म्हटलं, पोरं आत्ताही खड्ड्याच्या कडेलाच आहेत, मी त्यांना एका जागी बसवते, तुमचीच जबाबदारी कमी होईल. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा फळ्याकडे बघितलं. मग हाताने बांधाची बाजू दाखवली.

सावलीच्या जागा दोनच. एका बाभळीखाली गावातल्या बायांची टोळी भाकरी खाते. तिथून हाकेच्या अंतरावर दुसरी बाभूळ, तिथे बौद्ध वस्तीतल्या बाया, भीमाबाईची टोळी. दोन्ही टोळ्यांची पाण्याची मडकीही आपापल्या झाडाखाली. मधली जागा बांधाच्या आडोशाला आहे आणि दहानंतर सावलीत येते, म्हणून मी वर्ग तिथे लावला. सोय बघितली, दुसरं काही नाही.

आज एकोणीस.

४ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर हजेरी एकोणीस-वीसच्या पुढे जात नव्हती. लहान भावंडं सांभाळणाऱ्या मुली लांबून बघत, जवळ येत नसत. आज मी चांगुणाला म्हटलं, सहादूला घेऊनच बस. तिला आधी खरं वाटेना. मग तिने झोळी सोडून आणली. ते बघून आणखी नऊ जणी आल्या, प्रत्येकीच्या कडेवर एक.

वर्ग कसला, नुसता गोंधळ. एक रडलं की सगळी रडतात. सहादूने खडू खाल्ला. भीमाबाईची रतन मात्र हुशार निघाली. तिने सगळ्या बाळांना मधे घेतलं आणि मोठ्यांना भोवती गोल बसवलं, म्हणजे कुणी रांगत बाहेर जाऊ नये. रतन चौथीतलीच, पण वर्गात कधी तोंड उघडायची नाही, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायची. या गोलात शेवटची रांगच नाही, तेव्हा तिला पुढे यावंच लागलं.

तीस. पण त्यातल्या दहा जणी बाळांमुळे आलेल्या, अभ्यासाच्या ओढीने नव्हे.

१५ डिसेंबर, शुक्रवार

मुलांसाठी सुखडी यायला लागली. गव्हाच्या पिठाची, गुळाची वडी. दुपारी वर्ग सुटला की वाटते. आज बावन्न. रंभाजी मोठ्याने म्हणाला की बाईची शाळा सुखडीनं भरली. लोक हसले. मलाही हसावं लागलं, पण ते मनाला लागलं, कारण खरंच आहे. आबासाहेब गुरुजींना कधी वडी वाटावी लागली नव्हती.

२ जानेवारी १९७३, मंगळवार

आठ दिवस झाले, सुखडीची गाडी आलेली नाही. मी मनाची तयारी केली होती की वर्ग ओस पडेल. हजेरी अशी: एकावन्न, चोपन्न, पंचावन्न, पंचावन्न, अठ्ठावन्न, आज एकसष्ट.

याचं कारण मला कळत नाही. थंडी आहे, तेव्हा आडोशाला बसायला येत असतील.

सध्या खड्ड्यांवर गणितं घेते. लांबी, रुंदी, खोली. पोरं आपापल्या आईबापांचा खड्डा मोजून येतात आणि किती घनफूट माती निघाली ते पाटीवर मांडतात. काल रंभाजीने मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, आता तक्रार. तर त्याने एका खड्ड्याचं माप विचारलं, त्याचा हिशेब जुळत नव्हता. रतनने करून दिला. आज सकाळी वर्गाच्या जागेवरचे दगड वेचून कुणीतरी बाजूला रचले होते आणि पाणी मारून जमीन चोपली होती. कामाला लागत असेल म्हणून केली असेल.

११ जानेवारी, गुरुवार

चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज भरायची आज शेवटची तारीख. बोरखडीतून आजवर कुणी बसलेलं नाही. गुरुजी म्हणायचे, उगाच पोरांचं हसं कशाला. मी दोन अर्ज भरले, चांगुणा आणि रतन.  गुरुजींना जे बावीस वर्षांत करावंसं वाटलं नाही ते मी या धुळीत बसून करते आहे.

१८ जानेवारी, गुरुवार

आज संध्याकाळी गावात परतले तर शाळेच्या दाराला कागद डकवलेला. साहेब तपासणीला आले होते. "शाळा बंद आढळली. शिक्षिका गैरहजर." तारीख आणि सही.

शेजारच्या म्हातारीने त्यांना सांगितलं म्हणे, बाई तळ्यावर हाय. साहेबांना वाटलं असेल, शाळा सोडून मी कामावर माती टाकते.

जेवण गेलं नाही.

२२ जानेवारी, सोमवार

टपालाने नोटीस आली. आठ दिवसांत खुलासा. मी चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा फाडलं. जे काही लिहिते ते सबबीसारखं वाटतं. परवानगी घेतली नव्हती, हे तर खरंच आहे. आईला पत्र लिहावं असं मनात आलं, पण ती घाबरून पहिल्या गाडीने येईल.

वर्गात कुणाला काही बोलले नाही.

२४ जानेवारी, बुधवार

आजचं आजच लिहायला हवं.

दुपारी बारा वाजता साहेब मोटारसायकलवरून थेट तळ्यावर आले. बाया भाकरीची फडकी सोडून जेवायला बसल्या होत्या. वर्ग चालू होता. साहेबांनी मला नमस्कारही केला नाही, हजेरीचा कॅटलॉग मागितला आणि एकेक नाव घेऊन डोकं मोजलं. पटावर चौऱ्याहत्तर. हजर एकोणसत्तर. त्यांनी पुन्हा मोजलं. मग विचारलं, ही बाकीची कुठली? मी वस्त्यांची नावं सांगितली. म्हटलं, ही कुठल्याच शाळेत नव्हती, मी रीतसर दाखल करून घेतली आहेत.

साहेब म्हणाले, डोकी कुणीही जमवील, शिकतात का ते बघू. दुसरीला उजळणी विचारली, तिसरीला वजाबाकी. मग चौथीतल्या एकाला पुस्तक उघडून वाचायला दिलं. त्याने धडाधडा वाचलं, जरा जास्तच धडाधडा.

"हे पाठ आहे," साहेब म्हणाले. "न पाहिलेलं वाचता येतं का कुणाला?"

त्यांनी आपले खिसे चाचपले. एक घडी घातलेला कागद निघाला. काय आहे ते न बघताच त्यांनी तो समोर बसलेल्या रतनच्या हातात दिला. मी ओळखला. माझ्याच नोटिशीची स्थळप्रत होती ती, कचेरीत ठेवतात ती नक्कल. मी काही बोलणार तोवर रतन उभी राहून वाचायला लागली होती. सहादू तिच्या पायाशी बसला होता.

ती खणखणीत वाचत गेली. एका जोडाक्षराला अडली नाही. "आपण सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय शाळा अन्यत्र हलविली असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत सादर करावा."

दोन्ही बाभळींखालचं बोलणं थांबलं. साहेबांना आता कळलं होतं काय वाचलं गेलं ते, आणि त्यांचे कान लाल झाले होते. बनुबाई हातातली भाकरी तशीच घेऊन उठून आली.

"म्हंजी बाईला काढून टाकनार?" तिने विचारलं.

साहेब म्हणाले, तसं नाही, पण तपासणीला आलो तर शाळा बंद होती.

"शाळा बंद न्हाई, साहेब," बनुबाई म्हणाली. "आमी हिकडं आलो, तशी शाळा आमच्या मागं आली."

पलीकडून भीमाबाई आली आणि बनुबाईच्या शेजारी उभी राहिली.  तिच्यामागून तिच्या टोळीतल्या बाया आल्या, इकडून बनुबाईच्या टोळीतल्या. रंभाजी फावडं टेकवून सगळ्यांच्या पुढे उभा. मला वाटलं, आता हा काहीतरी वेडंवाकडं बोलणार. तो एवढंच म्हणाला, की बाईनं जागा मागितली तवा मी दिली, कागदावर माझंबी नाव घाला.

 साहेबांनी खाली वाकून रतनला विचारलं, "खुलासा म्हणजे काय, माहीत आहे?"

"केलं ते का केलं, ते सांगायचं."

"मग सांग बरं, बाईंनी शाळा इथं का आणली?"

रतनने जरा विचार केला. "गावात पोरंच नव्हती, साहेब. समदी हितं हुती."

साहेबांनी कागद तिच्या हातून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग शेरेबुक मागितलं. बांधावर बसून त्यांनी बराच वेळ लिहिलं. शेरा असा आहे: "पट खरा. हजेरी समाधानकारक. वाचन उत्तम, तालुक्यात इतके स्पष्ट वाचन क्वचित ऐकले. खुलासा समक्ष मिळाला."

तरी नोटिशीत "लेखी" असं स्पष्ट म्हटलं आहे. उद्या लिहून पाठवीन, उगाच त्रुटी नको.

१८ फेब्रुवारी, रविवार

शिष्यवृत्तीची परीक्षा झाली.

काल बनुबाईच्या पायावर दगड पडला. सकाळी पाय सुजून भाकरीएवढा झालेला. शेवगावला जायला कामावरचा ट्रक फाट्यावर थांबणार होता. मी पोचले तर रतन आईबरोबर आलेली, आणि चांगुणा सहादूला कडेवर घेऊन उभी. म्हणाली, मी येत न्हाई, बाई, आईला चालवत न्हाई, याला कोन बघंल? बनुबाई मागून लंगडत आली.  ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि माझा जीव वर-खाली.

भीमाबाईने हात पुढे केले. "द्या हिकडं," म्हणाली.

बनुबाई तशीच उभी. फाट्यावर गावातली पाच-सात माणसं होती, तीही बघत उभी. इतका वेळ गेला की मला वाटलं, ट्रक आता निघतो. मग तिने सहादूला चांगुणाच्या कडेवरून घेतलं आणि भीमाबाईच्या हातात दिलं. मी दोघींना ट्रकमध्ये चढवलं. वाटेत चांगुणाला अपूर्णांक विचारले, नीट आले.

पेपर सोपा नव्हता. 

परतल्यावर मुलींना घरी सोडायला गेले. बनुबाईच्या घराला कडी. शेवटी वस्तीत गेलो तर ती भीमाबाईच्या ओट्यावर पाय लांब करून बसलेली, हातात चहाची कपबशी, आणि सहादू भीमाबाईच्या मांडीवर झोपलेला. सुजल्या पायाने एवढं लांब चालायची काय गरज होती? भीमाबाईने पोर आणून दिलंच असतं. मी तसं म्हटलंही. त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

३० एप्रिल, सोमवार

वार्षिक परीक्षेचा निकाल लावला. चौथीतली चौदाच्या चौदा उत्तीर्ण. एप्रिलची सरासरी हजेरी सदुसष्ट. तपासून बघितलं, बेरीज बरोबर आहे.

उद्यापासून सुट्टी. मला मात्र एक खंत आहे. चौदा जणांची शाळा आज संपली. पाचवी नदीपलीकडे. मुलगे जातील, नऊ मुलींपैकी एकही जाणार नाही. मी त्यांना चौथीपर्यंत आणलं आणि पुढे रस्ताच नाही. निकाल सांगताना हे बायांसमोर बोलून गेले. नको होतं बोलायला, आनंदाच्या दिवशी.

३० मे, बुधवार. देवळाली प्रवरा

आज रतनचं पोस्टकार्ड आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते.

"बाईंना रतनचा नमस्कार. माझा शिष्यवृत्तीत नंबर लागला. साहेब स्वता मोटरसायकलवर सांगायला आले. चांगुनाचा नाही लागला. ती रडली मग हासली. आमच्या आया बाजारच्या दिवशी शेवगावला गेल्या होत्या. चाळीस बाया होत्या. चांगुनाची आई आनि माझी आई पुढं बोलल्या. रंबाजी मुकादमांनी ट्रक दिला. तुमाला सांगू नको म्हनल्या पन मी सांगते. लवकर या."

मी दोनदा वाचलं आणि आईला दाखवलं. आई म्हणाली, यात रडण्यासारखं काय आहे? मी म्हटलं, "स्वतः"चा विसर्ग राहिलाय.

चांगुणाचं वाईट वाटतं. तिला अपूर्णांक येत होते. माझं शिकवणं कुठेतरी कमी पडलं. पण चाळीस बाया शेवगावला कशासाठी गेल्या असतील? कामावर काही तंटा झाला नसेल ना?

९ जून, शनिवार. बोरखडी

काल परतले. टेबलावर दोन हुकूम होते. पहिला: रिकाम्या जागेवर राधाकृष्ण गुरुजींची नेमणूक, सोमवारपासून हजर. दुसरा: बोरखडी येथे चालू वर्षापासून पाचवीचा वर्ग मंजूर.

चाळीस बाया त्यासाठी गेल्या होत्या. साहेबांच्या कचेरीच्या व्हरांड्यात सकाळपासून बसून राहिल्या, हुकमावर सही होईपर्यंत उठल्या नाहीत. बनुबाईला विचारलं, मला का कळवलं नाही? ती म्हणाली, "तुमी परवानगी मागितली असती, बाई."

आज दिवसभर दाखल करून घेण्याचं काम. वस्त्यांवरून बाया येत होत्या, एकेकीबरोबर दोन-दोन, तीन-तीन. तळ्याचं काम येत्या आठवड्यात थांबणार आहे, सुखडी महिन्यापूर्वीच बंद झाली, आडोशाला बसायला आता थंडीही नाही. मी कारण शोधत होते आणि नावं लिहीत होते. रजिस्टरची पानं संपली तेव्हा कोऱ्या कागदांवर रेघा मारून शिवून घेतले. पट ब्याण्णव.

११ जून, सोमवार

राधाकृष्ण गुरुजी सकाळीच हजर झाले. नुकतेच ट्रेनिंग संपवलेले, शर्टाची घडीही मोडलेली नाही. पहिली ते तिसरी त्यांच्याकडे दिली. एका खोलीत तेवढी मुलं बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हटलं, होईल सवय.

पाचवीला आज इंग्रजी सुरू करायचं होतं. मला मुळात इंग्रजी बेताचं, कालपासून त्याचीच धास्ती. पहिल्या रांगेत रतन आणि चांगुणा शेजारी शेजारी, मागे बाकीची बारा. नऊच्या नऊ मुली आल्या आहेत. खिडकीबाहेर बनुबाई, भीमाबाई आणि आणखी काही बाया उभ्या होत्या. मी म्हटलं, आत या. नको म्हणाल्या, हितनं दिसतंय.

फळ्यावर पहिलं अक्षर काढलं, A. त्याचा एक पाय लांब आणि एक आखूड झाला. चांगुणा म्हणाली, "बाई, ही तर खोपीची चौकट."

सगळे हसले, बाहेरच्या बायाही. मी सगळ्यांना ते पाटीवर काढायला सांगितलं आणि रांगांतून फिरून बघितलं. चौदाही जणांचं माझ्यापेक्षा सरळ आलं होतं.